कंदहारच्या कैफियती

लालकृष्ण अडवाणींना माहीत होतं की नव्हतं? २००८च्या मार्चमध्ये त्यांचं आत्मचरित्र आलं, तेव्हा एका मुलाखतीत ते म्हणाले, की १९९९च्या विमान अपहरणात तीन अतिरेक्यांना सोडायला तेव्हाचे परराष्ट्रमंत्री जसवंतसिंह स्वतः कंदहारला जाणार आहेत हे आपल्याला ठाऊक नव्हतं. त्यांचेच सहकारी जॉर्ज फर्नांडिस यांनी सांगितलं, की निर्णय झाला त्या बैठकीला अडवाणी हजर होते. जसवंतसिंहांनी तेव्हा अडवाणींची बाजू सावरून धरली. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २००९ मध्ये, जिनांवरच्या पुस्तकापायी भाजपने जसवंतसिंहांनाच बाहेरचा रस्ता दाखवला. मग त्यांनी बोलणं फिरवलं: अडवाणींना सगळं माहीत होतं, मीच त्यांना सांभाळून घेत होतो. वाजपेयींचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार ब्रजेश मिश्र यांनीही त्याच सुमारास अडवाणींच्या हजेरीला दुजोरा दिला.

ही सगळी एकाच सरकारातली, एकाच टेबलाभोवती बसणारी माणसं. त्यांत कुणी शत्रुपक्षाचा नाही, की पाकिस्तानचा प्रवक्ता नाही. तरीही दहा वर्षांत त्या टेबलाची हकिकत इतक्या तऱ्हांनी सांगितली गेली. मग विमानातली हकिकत, नियंत्रण मनोऱ्यातली, तालिबानच्या दिवाणखान्यातली, जम्मूच्या राजभवनातली, यांचं काय होत असेल?

मराठी वाचकाला अशा कागदांची जात ओळखीची आहे. राज्य बदललं, नव्या सरकारने वतनांची चौकशी लावली, की जुनी घराणी बसून आपली हकिकत लिहून काढत. आमच्या मूळपुरुषाने अमक्या लढाईत तरवार गाजवली, त्याबद्दल हे गाव इनाम मिळालं, ते आजतागायत आमच्याकडे चालत आलं आहे. ही कैफियत. तिच्यात खोटं असतंच असं नाही. तपशिलाच्या बाबतीत पुष्कळदा ती फार उपयोगी पडते. फक्त ती हक्क शाबीत करण्यासाठी लिहिलेली असते, आणि वाचताना हे नजरेआड होऊ द्यायचं नसतं. इतिहासाचार्य राजवाडे बखरींवर तुटून पडत आणि प्रसंगाच्या दिवसात लिहिलेल्या चिटोऱ्याला जपत, त्यामागे हाच हिशेब होता. निवृत्त अधिकाऱ्याचं किंवा पायउतार झालेल्या मंत्र्याचं आत्मचरित्र ही आपल्या काळातली कैफियत आहे. कंदहार प्रकरणाचं बहुतेक वाङ्मय या सदरात मोडतं.

आधी शकावली, म्हणजे ज्याबद्दल कुणाचं भांडण नाही तेवढंच. २४ डिसेंबर १९९९, शुक्रवार. काठमांडूहून दिल्लीला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं आयसी ८१४ हे विमान पाच जणांनी ताब्यात घेतलं. संध्याकाळी सातच्या सुमारास ते अमृतसरला उतरलं, पाऊण तासाहून थोडं जास्त थांबलं आणि उडालं. तिथून लाहोर, मग संयुक्त अरब अमिरातीतला हवाई तळ. तिथे पंचवीसेक प्रवासी सोडले गेले आणि भोसकून मारलेल्या एका तरुण प्रवाशाचा मृतदेह उतरवला गेला. तो मधुचंद्राहून परत येत होता. २५च्या सकाळी विमान कंदहारला पोचलं. २७ला भारतीय पथक तिथे आलं. ३१ डिसेंबरला मसूद अझहर, अहमद उमर सईद शेख आणि मुश्ताक अहमद झरगर हे तिघे सुटले आणि ओलीस परतले. विमानात एकूण किती माणसं होती हा आकडासुद्धा कथनागणिक दोन-चारने हलतो. पावणेदोनशेच्या वर, एवढं खरं.

आता या कैफियतींचा क्रम लावू. कोण काय म्हणालं याआधी कोण कधी म्हणालं हे मांडलं, की निम्मा गुंता सुटतो. वैमानिक देवीशरण यांनी पत्रकार सृंजय चौधुरी यांच्यासह लिहिलेलं पुस्तक २००० सालचं. फ्लाइट इंजिनिअर अनिल जग्गिया यांचं पुस्तकही त्याच वेळचं. जसवंतसिंहांचं ‘अ कॉल टू ऑनर’ २००६चं, अडवाणींचं २००८चं. ‘रॉ’चे त्या वेळचे प्रमुख अमरजितसिंग दुलत यांचं काश्मीरवरचं पुस्तक २०१५चं. अजित डोवाल यांनी मायरा मॅकडोनल्ड या पत्रकार बाईंना सांगितलेलं त्यानंतर छापून आलं, तेव्हा ते स्वतः राष्ट्रीय सुरक्षा सल्लागाराच्या खुर्चीत होते.

या तारखांच्या मध्ये दुसऱ्या तारखा येतात. सुटून गेलेल्या मसूदने २०००च्या सुरुवातीला जैश-ए-मोहम्मद काढली. १३ डिसेंबर २००१ला संसदेवर हल्ला झाला. २००२ मध्ये उमर शेखने कराचीत डॅनियल पर्ल या अमेरिकी पत्रकाराला जाळ्यात ओढलं आणि पर्लचा खून झाला. नंतर पठाणकोट, नंतर पुलवामा. त्यामुळे २००१ नंतर लिहिलेल्या प्रत्येक कथनात तराजूच्या एका पारड्यात जैशचा संस्थापक बसलेला असतो. डिसेंबर १९९९ मध्ये त्या पारड्यात १९९४ला अनंतनागमध्ये पकडलेला एक जाडजूड मौलवी होता. भाषणं चांगली ठोकणारा, स्वतः बंदूक चालवण्याबद्दल ख्याती नसलेला. तो धोकादायक आहे हे गुप्तचरांना ठाऊक होतं. त्याच्या सुटकेसाठी आधीही अपहरणं झाली होती. पण ‘संसदेवरचा हल्ला’ हे शब्द तेव्हा कुणाच्या तोंडात असणं शक्य नव्हतं.

म्हणून प्रश्नच पालटला. २०००च्या पुस्तकांमधून वैमानिक आणि इंजिनिअर विचारतात: आम्हाला लवकर का सोडवलं नाही? २००६ नंतरची पुस्तकं उत्तर देतात ते वेगळ्याच प्रश्नाला: त्यांना सोडलंच का? दोन्ही काळांतल्या पुस्तकांच्या माहितीत विसंगती दिसते तिथे पुष्कळदा विसंगती नसतेच. एकाला जे मुद्द्याचं वाटलं ते दुसऱ्याच्या लेखी तळटीप असतं. त्या आठवड्यात दिल्लीत पंतप्रधानांच्या निवासाबाहेर ओलिसांचे नातेवाईक घोषणा देत होते आणि वृत्तवाहिन्या ते दिवसभर दाखवत होत्या. कारगिल संपून पुरते सहा महिनेही झाले नव्हते. आज टीव्हीवर मुठी आपटून ‘एकही अतिरेकी सोडायला नको होता’ म्हणणाऱ्यांपैकी किती जण तेव्हा हेच म्हणत होते, याचा शोध घेण्यासारखा आहे. मला फारसे आठवत नाहीत.

अमृतसरला मात्र थांबायलाच हवं. सगळ्या प्रकरणात हीच एक जागा अशी आहे जिथे विमान आपल्या जमिनीवर होतं, भोवती आपले पोलीस होते आणि तरी ते गेलं. इथे कैफियती सगळ्यात जास्त भांडतात, कारण इनाम नसलं तरी दोष वाटायचा आहे.

दिल्लीत कॅबिनेट सचिव प्रभात कुमार यांच्या अध्यक्षतेखाली आपत्कालीन व्यवस्थापन गट बसला होता. दुलत त्या गटात होते. त्यांच्या सांगण्यानुसार तिथे निर्णयाऐवजी एकमेकांवर ढकलाढकलीच चालली, आणि अमृतसरला आपण सगळ्यांनी मिळून घोळ घातला. पंजाबचे पोलीस महासंचालक सरबजितसिंग यांची बाजू अशी, की विमानावर चढाई करा असा स्पष्ट हुकूम दिल्लीहून आलाच नाही. गटाच्या बाजूने सांगतात, की विमान कसंही करून जागेवर खिळवून ठेवा असं कळवलं होतं. राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे कमांडो अमृतसरला पोचले तेव्हा विमान उडून गेलं होतं. त्यांना उशीर का झाला याची उत्तरं सांगणाऱ्याच्या खात्यानुसार बदलतात. पंतप्रधान त्या संध्याकाळी पाटण्याहून दिल्लीला परतत होते. त्यांना बातमी नेमकी कधी दिली गेली, याच्याही वेगवेगळ्या वेळा सांगितल्या जातात.

या भांडणात राजवाड्यांचं चिटोरं कोणतं? वैमानिक आणि नियंत्रण कक्ष यांच्यातलं रेडिओवरचं बोलणं. ते बोलताना कुणाच्या डोक्यात पुस्तक नव्हतं. वैमानिक पुन्हा पुन्हा इंधन मागतो आहे, अपहरणकर्ते प्रवाशांना मारायला लागलेत असं सांगतो आहे, आणि पलीकडून टँकर येतोय, येतोय असं उत्तर मिळतं आहे. शेवटी टँकर निघतो, भरधाव येतो, त्याला हळू यायला सांगितलं जातं तर तो थांबतोच. आतल्यांना संशय येतो. उड्डाणाचा हुकूम सुटतो आणि विमान त्या टँकरला जेमतेम चुकवून हवेत जातं.

हा तुकडा इतर कथनांच्या शेजारी ठेवला की एक गोष्ट उघड होते. ‘हुकूम आला नाही’ आणि ‘हुकूम दिला होता’ ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. दिल्लीने ‘विमान अडकवा’ म्हटलं असेल. ‘अडकवा’ म्हणजे टायरवर गोळी घाला की इंधनाला वेळ लावा, आणि त्यात दहा प्रवासी गेले तर जबाबदारी कुणाची, हे कुणी बोललं नसेल. सरकारी कचेरीत ज्याने एकदा तरी सहीसाठी फाइल फिरवली आहे त्याला हे समजावून सांगायला नको. हुकूम सुटतो, पण त्यावर सही कुणाची ते मोघम राहतं. माझ्या मते अमृतसरचा दोष एका माणसाच्या नावावर टाकणारं प्रत्येक कथन संशयाने वाचावं, आणि दुलत यांच्या कथनाला थोडं जास्त वजन द्यावं. ते उत्तम साक्षीदार आहेत म्हणून नाही. ‘आपण सगळ्यांनी’ म्हणताना त्यांनी स्वतःला त्यातून वगळलेलं नाही, म्हणून. स्वतःच्या हक्काविरुद्ध जाणारं वाक्य कैफियतीत सापडलं, की इतिहासकार त्याखाली रेघ ओढतो.

पण याच दुलत यांना दुसऱ्या प्रसंगी असं वजन देता येत नाही. २०२५च्या एप्रिलमध्ये त्यांचं फारूक अब्दुल्लांवरचं पुस्तक आलं. त्यात कलम ३७० संबंधात अब्दुल्लांच्या तोंडी घातलेली भूमिका अब्दुल्लांनी सपशेल नाकारली, कल्पनेच्या भराऱ्या म्हणून झटकून टाकली. दोघांची दोस्ती जुनी. तेव्हा साक्षीदार विश्वासार्ह की नाही असा एकच शिक्का मारता येत नाही. तो कुठे बसून काय पाहत होता हे प्रत्येक वाक्यापाशी विचारावं लागतं.

डिसेंबर १९९९च्या अखेरीस दुलत जम्मूला बसले होते, आणि समोर हेच फारूक अब्दुल्ला होते. दोन कैदी जम्मू-काश्मीरच्या तुरुंगांत. मसूद जम्मूच्या कोट भलवालमध्ये, झरगर श्रीनगरला. मुख्यमंत्र्यांची संमती मिळवायला दिल्लीने दुलतना पाठवलं. अब्दुल्ला भडकले, दिल्ली कच खाते आहे म्हणून बराच वेळ सुनावत राहिले, राजीनामा द्यायचा म्हणून राज्यपाल गिरीश सक्सेनांकडे गेले. सक्सेनांनी व्हिस्की काढली आणि त्यांना शांत केलं. दुलत ही हकिकत रंगवून सांगतात, पण गाभा अब्दुल्लांच्या स्वतःच्या सांगण्याशी जुळतो. १९८९ला अपहरण झालेल्या रुबैया सईदच्या सुटकेसाठी पाच जणांना सोडलं तेव्हाही आपण विरोधात होतो, असं अब्दुल्ला आजवर सांगत आले आहेत. दोन माणसं वेगवेगळ्या वेळी, एकमेकांशी बिनसलेलं असतानाही, एकच गोष्ट सांगतात तेव्हा ती धरून चालायला हरकत नाही. व्हिस्कीचा ब्रँड सोडून द्यावा.

कंदहारच्या वाटाघाटींबद्दल सगळ्यात आवडीने सांगितला जाणारा आकडा म्हणजे छत्तीसचे तीन. अपहरणकर्त्यांनी ३६ कैद्यांची सुटका, २० कोटी डॉलर आणि जम्मूच्या तुरुंगातून पळण्याच्या प्रयत्नात त्याच वर्षी मारला गेलेला सज्जाद अफगाणी याची शवपेटी मागितली होती. शेवटी तिघांवर तडजोड झाली. भारतीय पथकात परराष्ट्र खात्याचे विवेक काटजू, गुप्तचर विभागाचे अजित डोवाल व नेहचल संधू, ‘रॉ’चे सी. डी. सहाय व आनंद अर्नी होते. इस्लामाबादच्या उच्चायुक्तालयातून ए. आर. घनश्याम आले होते. हा आकडा उतरवण्याचं श्रेय या पथकाला दिलं जातं. तालिबानच्या बाजूने सांगितलं जातं, की पैसे आणि पुरलेलं प्रेत उकरून मागणं इस्लामला धरून नाही असं आम्ही त्यांना बजावलं, आणि म्हणून त्या दोन मागण्या गळाल्या.

दोन्हीत तथ्य असावं. पण अपहरणकर्त्यांचा म्होरक्या इब्राहिम अथर हा मसूदचा सख्खा भाऊ होता, ही एक गोष्ट लक्षात घेतली की छत्तीस हा आकडा वेगळा दिसू लागतो. आठवडी बाजारात दोनशे सांगून साठला देणाऱ्याला साठच हवे असतात. मसूद हा भाव होता, बाकीचे पस्तीस सांगण्यापुरते. हे पथकाला कमी लेखणं नव्हे. रेडिओवरून, थंडीत, दुसऱ्याच्या तळावर बसून त्यांनी जे केलं ते सोपं नव्हतं. पण ‘छत्तीसचे तीन केले’ या वाक्यात विजयाचा जो सूर ऐकू येतो, तो खरेदीदार घरी आल्यावर शेजाऱ्यांना सांगतो त्या जातीचा आहे.

तालिबानच्या बंदुकांचा प्रश्न याहून अवघड. विमानाभोवती त्यांनी सैनिक आणि रणगाडे उभे केले, यावर सगळ्यांचं एकमत. नळ्या कुणावर रोखल्या होत्या? तालिबानचं म्हणणं, रक्तपात केलात तर आत शिरू, असा अपहरणकर्त्यांना दम देण्यासाठी. भारतीय कथनांतून दिसतं, की भारतीय कमांडो येऊ नयेत म्हणून. कमांडो कारवाईला तालिबानने नकार दिला होता, हे कुणी नाकारत नाही. डोवाल तर पुढे म्हणाले, की कंदहारात आयएसआयचा पाठिंबा अपहरणकर्त्यांना मिळत नसता, तर प्रकरण वेगळं संपलं असतं. दुलत यांच्या पुस्तकात हेच डोवाल कंदहारहून दिल्लीला फोन करून लवकर निर्णय घ्यायला सांगतात, इथे दबाव वाढतो आहे, काय होईल भरवसा नाही असं म्हणतात. ही दोन वाक्यं परस्परविरोधी नाहीत. एकाच खोलीतली आहेत. पहिलं सतरा वर्षांनी मागे वळून बोललेलं, दुसरं त्या क्षणाचं. मला त्या क्षणाचं जास्त काही सांगून जातं.

तालिबानचा हेतू समजून घेताना एक संदर्भ बहुतेक भारतीय कथनांतून गळतो. ऑक्टोबर १९९९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १२६७ क्रमांकाचा ठराव करून तालिबानवर निर्बंध लादले होते. त्यांना मान्यता देणारे देश तीनच: पाकिस्तान, सौदी अरेबिया आणि अमिराती. अशा राजवटीच्या अंगणात जगाचे कॅमेरे आपण होऊन आले. त्यांचे परराष्ट्रमंत्री वकील अहमद मुत्तवकील आठवडाभर मध्यस्थ म्हणून वावरले. पाकिस्तानचं ऐकायचं, भारताशी सौजन्याने बोलायचं आणि जगाला आपण सरकार आहोत असं दाखवायचं, या तिन्ही गोष्टी त्यांना एकदम करायच्या होत्या. नळ्या दोन्हीकडे रोखलेल्या असणं हेच त्यांच्या सोयीचं होतं. शेवटी त्यांनी पाच अपहरणकर्त्यांना आणि सुटलेल्या तिघांना अफगाणिस्तान सोडायला दहा तास दिले. ते पाकिस्तानकडे गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये तालिबानचे आताचे परराष्ट्रमंत्री अमीर खान मुत्तकी दिल्लीत पाहुणे म्हणून आले होते. संबंध असेच सुधारत गेले, तर येत्या काही वर्षांत त्या नळ्यांची दिशा थोडी फिरलेली वाचायला मिळेल, असा माझा कयास आहे.

आता अडवाणींकडे. सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो. मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीत पंतप्रधान, गृह, संरक्षण, परराष्ट्र आणि अर्थ एवढीच खाती. सुटणारा एक कैदी दिल्लीच्या तिहारमध्ये. वाटाघाटी करणाऱ्यांत गुप्तचर विभागाचे दोन अधिकारी, आणि तो विभाग गृहमंत्र्यांच्या अखत्यारीतला. अशा स्थितीत सौदा गृहमंत्र्यांना न कळता झाला, हे अडवाणी स्वतःही म्हणत नाहीत. सुरुवातीला सुटकेला आपली तयारी नव्हती, एवढं ते म्हणतात. तसं तर जसवंतसिंहही आपल्या पुस्तकात म्हणतात, आणि दिवस सरत गेले तसं मत बदललं हेही कबूल करतात. मग वाद उरतो तो एवढाच, की विमानात जसवंतसिंह बसणार हे माहीत होतं का. जसवंतसिंहांचं स्पष्टीकरण साधं आहे: ऐनवेळी काही अडलं तर जागेवर निर्णय घेऊ शकणारं कुणी हवं होतं, तिथल्या अधिकाऱ्यांचाच तसा आग्रह होता.

फर्नांडिसांची साक्ष मी वरची धरतो. ते त्याच आघाडीत होते, रुसलेले नव्हते, आणि असं बोलून त्यांच्या पदरात काही पडणार नव्हतं. जसवंतसिंहांची २००९ची साक्ष रागातली, २००८ची निष्ठेतली. दोन्हीला सारखीच काट लावावी लागते. पण खरी गंमत दुसरीकडे आहे. सोबत कोण गेलं यावर इतकं बोललं गेलं, की सोडायचं कुणी ठरवलं हा प्रश्न झाकला गेला. ते समितीने मिळून ठरवलं होतं. कंदहारच्या छायाचित्रांत एकटे जसवंतसिंह दिसत राहिले, ही बाकीच्यांची मोठीच सोय झाली.

कैफियतींवर भिस्त ठेवण्याची पाळी का यावी? अपहरणाच्याच वर्षी कारगिल झालं. के. सुब्रह्मण्यम समिती नेमली गेली, तिचा अहवाल काही मजकूर गाळून का होईना छापला गेला, आणि कारगिलवरच्या कुठल्याही वादात निदान एक सामाईक पाया मिळाला. २६/११ नंतर महाराष्ट्रात राम प्रधान समिती बसली. तिच्या अहवालावरून राजकारण झालं, पण अहवाल लोकांपुढे आला. आयसी ८१४च्या वाचकाच्या हातात तसा ग्रंथ नाही. जे आहे ते एकेकट्या माणसांच्या आठवणींतून.

अर्थात कागद आले म्हणजे भांडण मिटतं, असंही नाही. उत्तर आयर्लंडमध्ये १९९३च्या नोव्हेंबरात उघडकीस आलं, की ब्रिटिश सरकार आयआरएशी छुप्या वाटेने बोलत आहे. पंतप्रधान जॉन मेजर यांनी त्याच महिन्यात संसदेत अशा बोलण्याच्या कल्पनेनेही पोटात ढवळतं अशा अर्थाचं सांगितलं होतं. सरकारने निरोपांचे कागद प्रसिद्ध केले, शिन फेनने आपले प्रसिद्ध केले, आणि ते जुळेनात. सरकारला आपल्या प्रतीत दुरुस्त्या कराव्या लागल्या. लढा संपला आहे, तो संपवायचा कसा याचा सल्ला द्या, अशा आशयाचा सर्वांत महत्त्वाचा निरोप शिन फेनचे नेते मार्टिन मॅकगिनेस यांचा म्हणून दाखवला गेला. मॅकगिनेस यांनी तो आपला नाही असं ठासून सांगितलं. निरोप डेरीचे व्यापारी ब्रेंडन डडी यांच्यासारख्या मध्यस्थांच्या साखळीतून जात. दोन्ही बाजूंना जवळ आणू पाहणारा मध्यस्थ निरोप पोचवताना त्याचे काटे थोडे घासतो. लग्न जमवणारा करतो तेच.

आपल्याकडेही नागा वाटाघाटींत तसंच झालं. ३ ऑगस्ट २०१५ला भारत सरकार आणि एनएससीएन (आयएम) यांच्यात आराखडा-करार झाला, पण त्याचा मजकूर पाच वर्षं गुप्त राहिला. २०२०च्या ऑगस्टमध्ये त्या संघटनेने तो स्वतःच जाहीर केला आणि आरोप केला, की सरकारचे प्रतिनिधी आर. एन. रवी यांनी इतर नागा गटांना दाखवलेल्या प्रतीतून ‘नवं’ हा एक शब्द उडवला आहे. सहजीवनाचं ‘नवं’ नातं की नुसतं नातं? बाहेरच्याला हे भांडण पोरकट वाटेल. ज्यांची सार्वभौमत्वाची मागणी त्या शब्दावर टेकली होती त्यांना नाही. कंदहारच्या सौद्याचा तर असा कागदच वाचकापुढे नाही.

कैफियतींपलीकडचा एक पुरावा मुंबईत मिळतो. तेव्हाचे मुंबई गुन्हे शाखेचे प्रमुख डी. शिवनंदन यांनी पुढे सांगितलं, की अपहरण चालू असतानाच त्या वेळी ‘रॉ’मध्ये असलेले हेमंत करकरे त्यांच्याकडे एक दूरध्वनी क्रमांक घेऊन आले, मुंबईतला हा क्रमांक पाकिस्तानशी सतत बोलत होता. त्या धाग्यावरून पोलीस जोगेश्वरीपर्यंत पोचले. ६ जानेवारी २०००ला अडवाणींनी गृहमंत्री म्हणून जे निवेदन केलं, त्यात अपहरणकर्त्यांची खरी नावं आली ती मुंबईत पकडलेल्यांच्या चौकशीतून. प्रकरण न्यायालयात गेलं. २००८ मध्ये पतियाळाच्या विशेष न्यायालयाने तिघांना जन्मठेप दिली. २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांतल्या दोघांना निर्दोष सोडलं. म्हणजे इथेही पहिलं उत्तर टिकलं नाही. पण न्यायालयात निदान उलटतपासणी असते. आत्मचरित्राला कुणी उलट प्रश्न विचारत नाही.

गृहखात्याच्या त्याच निवेदनात लिहिलं होतं, की विमानात हे पाच जण एकमेकांना चीफ, डॉक्टर, बर्गर, भोला आणि शंकर अशा नावांनी हाक मारत. ऑगस्ट २०२४ मध्ये अनुभव सिन्हा यांची नेटफ्लिक्सवरची मालिका आली, तिने ही नावं वापरली, आणि देशभर गदारोळ उठला, की अतिरेक्यांना हिंदू नावं मुद्दाम दिली. मंत्रालयाने कंपनीच्या प्रतिनिधीला बोलावून घेतलं, मालिकेच्या आरंभी खरी नावं टाकावी लागली. अमृतसरच्या त्या पाऊण तासावर त्या आठवड्यात कुणी इतक्या तावातावाने बोललं नाही. सगळ्या प्रकरणातला अधिकृत कागदावर असलेला, कुणीच न नाकारलेला तपशील तेवढा वादात सापडला.

शेवटी एक हकिकत, जिच्यावर कुणाचं वतन टेकलेलं नाही. ३१ला ओलीस दिल्लीला रवाना झाले. मागे रिकामं विमान परत नेण्यासाठी वैमानिक आणि इस्लामाबादहून आलेला भारतीय अधिकारी राहिले. अंधार पडला तरी विमानाला इंधन मिळेना. मग मुत्तवकील यांची गाडी धावपट्टीवर आली, तिचे दिवे विमानावर पडले, सामानाच्या कप्प्यातून एक लाल बॅग शोधून काढली गेली आणि गाडी ती घेऊन निघून गेली. मागे राहिलेल्यांनी हे पाहिलं आणि सांगितलं. जगभर लोक नव्या सहस्रकाचे फटाके उडवत होते. विमान त्यानंतर भारतात परतलं, काही काळ पुन्हा प्रवासी वाहत राहिलं, आणि २००३ साली मुंबईत ते मोडीत काढलं गेलं.